दुसरी सुई

शेवटच्या साध्या दिवशी बाबा माझ्यावर खेकसले, "आधी जेवून ये. डोळे बघ कसे खोल गेलेत."

मुलांच्या इस्पितळात बाबा सोनोग्राफीत बघत गाठीत सुई घालून तुकडा काढायचे. मी पॅथॉलॉजिस्ट, तो तपासायचे. मूल भुलीत असतानाच शेजारच्या खोलीत मी तुकड्याचा ठसा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मी "गाठ लागली" म्हटल्याशिवाय बाबा हातमोजे काढत नसत.

दोन महिन्यांपासून त्यांच्या हातातला कप बशीवर किणकिणायचा. मी दुसरीकडे बघायचे.

त्या दिवशीची पाचवी मुलगी चार वर्षांची. अखंड बडबड, म्हणून बाबांनी तिला मिठू करून टाकलं होतं. एमआरआयमध्ये मूत्रपिंडाला चिकटलेली गाठ स्पष्ट दिसत होती. ती कसली, हे तुकड्यावरूनच कळणार होतं. औषधही त्यावरच ठरणार होतं.

"ठसा बघते आणि जाते."

"चाळीस वर्षं मी काय गवत उपटतोय? पळ!"

मी गेले. खरं तर उभं राहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

चौथ्या दिवशी मी कामावर आले. घरात बसवत नव्हतं. मिठूची काच माझ्याचसाठी ठेवलेली. नुसता स्नायू. गाठीची एक पेशी नाही. "नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा," असं लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुपारी मिठूच्या आईनं मला जिन्यात गाठलं. पदराशी चाळा चालला होता.

"डॉक्टर, परत भूल द्यायची म्हणतात. आत नेताना ती फार रडली हो. सासूबाई म्हणतात, मीच धड आवरलं नाही तिला, म्हणून बिघडलं. खरंय का?"

"होतं असं कधीकधी," एवढं म्हटलं असतं तरी ती गेली असती. मी कठडा धरला.

"तुमचं काहीही चुकलेलं नाही. सुई गाठीत गेलीच नव्हती. ती घालणारे माझे वडील. त्यांचा हात थरथरायचा, आणि मला ते ठाऊक होतं. त्यांना थांबा म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही. तेव्हाच तपासलं असतं, तर लगेच दुसरा तुकडा घेता आला असता. तेही मी केलं नाही."