माझे रबर फाटले होते

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. एका दाराचा, फिकट निळा, वय वर्षे सोळा. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी डोळे पुसत सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही. मी संतापलेलो आहे.

मला निवडले आजीने. तेव्हा ती आजी नव्हती. शिवणकाम करून एकटीने मुलाला वाढवणारी बाई होती. दुकानात माझ्या शेजारी आरशासारखे चकचकीत फ्रिज उभे होते आणि तिचा कॉलेजात जाणारा मुलगा त्यांच्यापाशीच घुटमळत होता. तिने मात्र माझ्या दारात कागदाचा कपटा धरला, दार लावले आणि कपटा ओढून पाहिला. तो सहजासहजी निघेना. चारही बाजूंनी तिने रबराची पकड अशीच तपासली. मग दुकानदाराला विचारले, "बिघडला तर दुरुस्तीला कोण येतं? सुटे भाग मिळतात का?"

"ताई, आधी रंग तरी बघा!"

"रंग काय चाटायचाय?" ती म्हणाली. "माणसं मोजकी आहेत घरात. हा पुरे."

तिने मला भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले. दर तीन-चार महिन्यांनी ती माझी पिन काढायची आणि पाठीमागची जाळी मऊ ब्रशने झाडायची. दाराचे रबर साबणाच्या फडक्याने पुसायची. गरम पातेले कधी आत ठेवले नाही. बर्फ साचला की मला बंद करून तो आपोआप वितळू द्यायची. पाहुणे म्हणायचे, "अजून नवाच दिसतो की!" मग माझी छाती फुगायची.

पुढे मुलाचे लग्न झाले, नात झाली. आजीला मधुमेहाने गाठले, नजर अधू झाली आणि स्वयंपाकघर तिच्या हातून गेले. तिच्या इन्सुलिनचा डबा तेवढा माझ्या दारातल्या कप्प्यात असे.

मुलाला नवे कपाट बसवायचे होते. त्याने मला ढकलून भिंतीला चिकटवले. पाठीला वारा लागेना. सूनबाई वाफाळती पातेली आत सारू लागली. मुलाने एकदा सुरीने बर्फ खरवडला. माझ्यातली गॅसची नळी थोडक्यात वाचली. आणि मग खालच्या कोपऱ्यात माझे रबर फाटले.

आजीने ते बोटांनी चाचपून ओळखले. "अरे, याचं रबर उसवलंय. मेकॅनिकला बोलाव."

"बघतो गं."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्या दिवशीही. शेवटी तो वैतागला, "आई, किती वेळा तेच तेच!"

एके दिवशी दूध नासले. त्याने खाली वाकून रबर पाहिले का? छे! माझे थंडावा कमी-जास्त करायचे बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिरगाळले आणि म्हणाला, "झालं काम! मेकॅनिक कशाला हवाय?" त्याच आठवड्यात सूनबाईने थंड पेयाच्या बाटल्यांसाठी दारातली जागा मोकळी केली. इन्सुलिनचा डबा गेला थेट मागे, बर्फाच्या खणाखाली.

मित्रांनो, इन्सुलिन गोठू द्यायचे नसते. एकदा गोठले की ते निकामी होते, मग वितळले तरी उपयोग नसतो. दाराशी मी कोमट होतो आणि मागे माझे बर्फ होत होते. ते औषध मीच गोठवले. मला समजत होते, पण हाक मारायला तोंड कुठे आहे मला? आजी औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवायची, जेवणाची वेळ होईपर्यंत ती वितळायची. अधू डोळ्यांना काय दिसणार? ती अगदी वेळेवर सुई टोचून घ्यायची. तिची तहान वाढली, पाय गळाले. "वय झालं, चालायचंच," घरातले म्हणाले. नवव्या दिवशी ती माझ्यासमोरच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी औषध बघायला मागितले. मुलगा धावत घरी आला. डबा मागच्या बर्फाला चिकटला होता. तो उपटून काढत त्याने मला लाथ घातली. "या डबड्यानं माझ्या आईचा जीव घेतला असता!"

मी? मी घेतला असता?

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने मला भिंतीपासून ओढले. जाळीवर धुळीची गोधडी होती. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रबर फाटलंय, जाळी बुजलीय आणि वर बटण फुल्ल. हा बिचारा करणार काय? कधीपासून आहे असं?"

"कुणाच्या लक्षातच आलं नाही," मुलगा पुटपुटला.

दाराशी उभी असलेली नात म्हणाली, "बाबा, आजी रोज सांगत होती."

मुलाने मेकॅनिकच्या हातातला ब्रश घेतला आणि जमिनीवर बसून जाळी झाडू लागला. त्याचा चेहरा भिंतीकडे होता. त्याच दुपारी मला नवे रबर बसले.

सहा दिवसांनी आजी घरी आली. मुलगा तिच्या पायाशी बसला. "चुकलो, आई."

"तेव्हा ऐकू येत होतं ना तुला?" तिने विचारले. मग तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिने त्याला माफ केले असेल. मी केलेले नाही. मित्रांनो, फ्रिज घ्याल तेव्हा चकाकीला भुलू नका. घेतलात तर त्याची निगा राखा; आम्ही मुकी यंत्रे, आम्हाला तक्रार करता येत नाही. पण माणसाला तोंड असते. घरातले एखादे म्हातारे माणूस रोज तेच तेच सांगत असेल, तर त्याच्यावर खेकसू नका. ते तेच सांगते, कारण तुम्ही ते अजून केलेले नसते.