तारेच्या अलीकडे

रतनबाईचं पत्र येऊन तेरा महिने झाले होते आणि मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र कसलं, वहीतून फाडलेलं पान. रतनबाईला लिहिता येत नाही. तिने सांगितलं आणि चकलांब्याच्या तिच्या भाचीने, संगीताने, गोल गोल अक्षरांत उतरवून घेतलं. मास्तरांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून पत्र.

'मास्तर, नमस्कार. आमी इकडं बरे हाव. एकच इचारते. हौश्या मला कावून भ्याला? मी त्याला टाकून गेले म्हणून का? तसं असंल तर तसं लिवा. मी वाईट वाटून घेणार न्हाई. तुमी खोटं लिवणार न्हाई, म्हणून तुमालाच इचारते.'

मास्तर म्हणजे गहिनीनाथ. मास्तरकी त्यांनी कधीच केली नाही. केजजवळच्या त्या गावातलं वाचनालय एकतीस वर्षं सांभाळलं, एवढंच. चष्मा आणि काखेतलं पुस्तक बघून लोक मास्तर म्हणू लागले, आणि आपण मास्तर नाही हे लोकांना सांगायचा धीर त्यांना झाला नाही. धीर न होणं ही त्यांची जन्माची खोड. दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी ती मुकाट्याने घरी आणायची, आणि मग आपणच नीट सांगितलं नसेल म्हणायचं.

रतनबाई आणि तिचा नवरा सिदू शेजारी राहायचे. दर दिवाळीला दोघं ऊसतोडीला जात. हौश्या त्यांचा कुत्रा, तांबड्या रंगाचा, एक कान मोडलेला. एका वर्षी तो ट्रकमागे इतका पळाला की परतला तेव्हा चारही पंजे रक्ताळलेले. म्हणून पुढच्या खेपेला रतनबाईने त्याला मास्तरांच्या ओट्यावर आणून बांधला.

"नुसती भाकर टाकली तर तोंड लावत न्हाई ह्यो," ती म्हणाली. "मांडीवर थाप मारायची अन् म्हणायचं, 'ये रं लेकरा, घे घास.' म्हना बरं."

मास्तर चष्मा पुसू लागले.

"माझ्यासमोर लाजता, मग कुत्र्यासमोर काय करताल?"

"अगं, सोड त्यांना," सिदू हसून म्हणाला. "मास्तरीणकाकी होत्या तवा त्यांच्यासमोर बी कधी मोठ्यानं बोलले न्हाईत ते."

पण ती सोडणारी नव्हती. मास्तरांच्या तोंडी ती हाक, तो लांबवलेला 'रं', अगदी तिच्यासारखा उतरेपर्यंत तिने तीनदा म्हणून घेतलं. मग हौश्याच्या मोडक्या कानाला हात लावला आणि मागे न बघता निघून गेली.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मास्तर हाक मारत, हौश्या जेवे. दुपारी ते वाचत बसले की तो त्यांच्या चपलांवर डोकं टेकून झोपे. आयुष्यात आपल्या आवाजाला कुणी इतक्या लगबगीने धावून येतं, याचं मास्तरांना मनातून फार अप्रूप वाटे.

मग अमरसिंहांचं बोलावणं आलं. त्यांचा शेतबंगला केज रस्त्याला, भोवती बारा एकर मोसंबी. बागेला राखणीला कुत्रा हवा, पण तो रस्त्यावर जाऊन गाडीखाली येऊ नये. त्यासाठी त्यांनी पुण्याहून एक यंत्र मागवलं होतं. बागेभोवती जमिनीत चार बोटं खोल तार पुरायची, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधायचा. कुत्रा तारेजवळ आला की पट्टा आधी वाजणार, पुढे सरकला की झटका देणार. भिंत नाही, जाळी नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती.

"अख्ख्या गावात हे वाचणारे तुम्हीच," अमरसिंह म्हणाले. "आणि तुमच्याकडे कुत्रा पण आहे म्हणे."

माझा नाही, ठेवायला दिलेला आहे, हे वाक्य मास्तरांच्या ओठांपर्यंत आलं. पण कितीतरी वर्षांनी कुणाला त्यांच्या वाचण्याची गरज पडली होती. ते वाक्य त्यांनी गिळलं. रतनबाई येईपर्यंत बागेत राहील, खायला चांगलं मिळेल, अशी मनाची समजूत घातली.

पुस्तिका त्यांनी शब्दकोश घेऊन दोन दिवस दुपारी वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, तारेवर निशाणं लावा, कुत्र्याचा विश्वास असलेल्या माणसाने त्याला दोरीने तिथवर न्यावं, पट्टा वाजला की मागे ओढून कुरवाळावं. आणि खाली ठळक अक्षरांत, तारेच्या पलीकडून त्याला कधीही हाक मारू नका.

केजचा हैदर, मोटारी दुरुस्त करणारा, त्याने तार पुरली. काठ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधून निशाणं उभी केली. दहा दिवस मास्तरांनी हौश्याला दोरीने फिरवलं. तो पट्ट्याचा आवाज ऐकून मागे फिरायला शिकला.

अकराव्या दिवशी आष्टीकडचे पाहुणे आले. अमरसिंहांना त्यांना गंमत दाखवायची होती.

"मास्तर, रस्त्यावर उभे राहा आणि हाक मारा. बघू येतो का बाहेर."

"पुस्तिकेत तसं... मला वाटतं, तसं करू नये असं..."

"वाटतं का लिहिलंय?"

हैदर जवळच उभा होता. "लिहिलं असंल तर सांगा ना मास्तर," तो हळूच म्हणाला. "बुक तुमीच वाचलंय."

मास्तरांना ते ठळक वाक्य पानासकट आठवत होतं. तरीही त्याच क्षणी वाटलं, आपलं इंग्रजी ते किती, अर्थ उलटा लावला असेल तर पाहुण्यांसमोर शोभा होईल. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मांडीवर थाप मारली.

"ये रं लेकरा, घे घास."

हौश्या बागेच्या टोकापासून सुसाट आला. पट्टा वाजला, पण हाक रतनबाईची होती, तो थांबला नाही. किंचाळून हवेत उडाला आणि मागे पडला. पाहुणे हसले. कुणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा. मास्तरांनी तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हौश्या आला तो पोटावर सरपटत, शेपूट पायांत घालून, तरी आला. चौथ्यांदा मास्तरांच्या तोंडून आवाजच निघाला नाही.

त्या दिवसापासून हौश्याने कधी सीमा ओलांडली नाही. अमरसिंहांनी सगळ्यांना सांगितलं, यंत्र झकास आहे.

चैत्रात रतनबाई आणि सिदू परतले. सिदूला मेव्हण्याकडे चकलांब्याला बारमाही काम मिळालं होतं, घर हलवायचं होतं. सामान भरलेली जीप रस्त्यावर उभी करून ती हौश्याला न्यायला आली. मास्तर तिच्याबरोबर बागेपर्यंत आले. हौश्याने तिला लांबून ओळखलं. शेपूट हलवत, कुईकुई करत धावत निघाला. आनंदाने तिने मांडीवर थाप मारली.

"ये रं लेकरा, घे घास."

हौश्या जागच्या जागी बसला. अंग चोरलं. बसल्या जागी त्याला लघवी झाली. ती आत गेली, पुन्हा तीच हाक मारत, रडक्या सुरात, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक हाकेला तो मागे मागे सरकत गेला, शेवटी मोसंबीच्या झाडांत दिसेनासा झाला.

सिदूने जीपमधून हॉर्न वाजवला.

"मी नको झाले त्याला," रतनबाई परत येऊन म्हणाली. "जनावर हाय, पर त्याला बी कळतं कोण टाकून गेलं. ऱ्हाऊ द्या हितंच. सुखात हाय."

मास्तर तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. एक वाक्य पुरलं असतं. जीप गेली तरी ते तिथेच उभे होते.

पत्र त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं. मास्तरांनी ठरवलं, आधी हौश्याला तारेबाहेर आणायला शिकवायचं, मग त्याला घेऊनच चकलांब्याला जायचं. नुसती कबुली कशाला लिहायची, कुत्राच समोर नेऊन उभा करू. पावसाळ्यात यंत्र बिघडलं, अमरसिंहांचा उत्साहही संपला होता. हैदरने पट्टा काढला, तार उपटली, निशाणं काढली.

"आता ह्यात काही न्हाई, मास्तर. नेऊ शकता."

पण हौश्या येईना. मास्तर रोज सकाळी भाकरी घेऊन जात. पूर्वी चिंधी होती तिथपर्यंत तो येई आणि बसे. एकदा उचलून पलीकडे नेलं तर असा ओरडला की शेतातली माणसं धावत आली, आणि हातातून सुटून आत पळाला. हिवाळा गेला. उन्हाळा लागला. मास्तर मनाशी म्हणत, अजून आठ दिवस, मग लिहू.

वैशाखात त्याला गोचीड ताप आला. केजहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं, त्यांनी सुया दिल्या आणि मान हलवली. पंपाच्या खोलीत पोत्यावर हौश्या पडून होता. मास्तर दुधात भाकरी कुस्करून घेऊन बसले. तो तोंड लावत नव्हता. काय म्हटलं की तो खातो, हे मास्तरांना ठाऊक होतं. पण ते शब्द ऐकून मरतानाही तो दचकला असता. त्यांनी ओठ आवळून धरले आणि बोटाने दूध त्याच्या जिभेला लावत राहिले. दुपारी तो गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तर लिहायला बसले. पहिल्या कागदात पुस्तिकेची हकीकत चार पानं झाली, ते फाडलं. दुसऱ्यात अमरसिंह आणि पाहुणे होते, तेही फाडलं. तिसऱ्यात स्वतःला इतके बोल लावले होते की वाचून रतनबाईलाच त्यांची समजूत घालावी लागली असती. शेवटी संगीताला एका दमात वाचून दाखवता येईल एवढंच लिहिलं.

'रतनबाईस, नमस्कार. हौश्या काल आजारपणाने गेला. तो तुम्हाला भ्याला नव्हता. तुम्ही शिकवलेली हाक मी बागेभोवती पुरलेल्या तारेच्या पलीकडून मारली, ती ऐकून तो तीनदा धावत आला आणि तीनदा त्याला विजेचा झटका बसला. त्या शब्दांची भीती मी त्याच्यात घातली. करू नये असं मी वाचलं होतं, तरी केलं. तुम्ही आलात तेव्हा मी शेजारी होतो आणि बोललो नाही. तुम्हाला लांबून बघून तो पळत आला होता, ते मी पाहिलं आहे. त्याने तुम्हाला टाकलेलं नव्हतं. गहिनीनाथ.'

पुन्हा वाचलं तर खाडाखोड करावीशी वाटेल, म्हणून त्यांनी वाचलं नाही. पाकीट चिकटवून जीपने केजला गेले. पोस्टात गर्दी होती. खिडकीवरच्या मुलीने पत्ता वाचला, चकलांबा, तालुका गेवराई, बरोबर ना, म्हणून विचारलं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.