चौथ्या अर्शकाची चामखीळ

अर्शक गेला आणि अर्शक गादीवर आला. पार्थियाच्या या घराण्यात जो गादीवर बसेल तो अर्शकच. आईने ठेवलेलं नाव त्या दिवसापासून कुणी उच्चारायचं नाही. त्यामुळे नाण्यावरचं नाव बदलत नसे, बदलायचा फक्त चेहरा. हगमताना शहराच्या टांकसाळीत असे तीन चेहरे म्हाताऱ्या तख्मकने कोरले होते.

चौथा मात्र हातचा गेला. नव्या राजाची छावणी घाटापलीकडे, आणि तख्मकचे गुडघे घोड्यावर बसू देईनात. म्हणून त्याचा तिशीतला शागीर्द कोफजाद जाऊन राजाला बघून आला. ज्याने पाहिलं त्याने कोरायचं. तख्मकच्या वाट्याला मागची बाजू आली, तोच तो बसलेला धनुर्धर.

"राजाने पंगतीला बसवलं म्हणे तुला?" तख्मकने टोमणा मारला.

"कसली पंगत, उस्ताद! दारात उभं करून मूठभर जर्दाळू दिले."

कोफजादने ठसा पुढे केला. तख्मकने तो मेणावर दाबून पाहिला. ओठ आता बोलतील असे होते. वीस वर्षं आपण शिकवलं, आणि हे आपल्याला कधीच जमलं नाही. त्याला तो चेहरा फोडून टाकावासा वाटला.

मग त्याला दिसलं की कपाळ कोरं आहे. अर्शकाच्या कपाळावर चामखीळ हवीच, खरी असो वा नसो. रक्ताची खूण ती. त्यात हा राजा आधीच्या अर्शकाचा पुतण्या, घराण्यातला नव्हेच अशी कुजबुज आधीच चाललेली. चामखीळ विसरलेल्या एका कारागिराचे अंगठे तोडले होते.

"छान झालाय," तख्मक म्हणाला. "आता हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी अधिकारी मेहरेनकसमोर पहिलं नाणं पाडलं. त्याने ते उजेडात धरलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"चामखीळ कुठाय? कुणाचं काम हे?"

"उस्तादांचं," कोफजाद अभिमानाने म्हणाला. "आमच्याकडे हात कुणाचाही असो, काम उस्तादांच्याच नावावर. गादीवर जसा अर्शकच."

तख्मकचे अंगठे आपोआप मुठीत गेले.

"ती... आपल्यासमोर कोरायची म्हणून बाकी ठेवली होती, मालक," तो कसाबसा म्हणाला. भोक पाडायचा बारीक सामता घेऊन त्याने ठशात दोन फेरे दिले. दुसरं नाणं पडलं.

मेहरेनक ते बराच वेळ न्याहाळत राहिला. "तख्मक, खरं सांगू? तुझे आधीचे तिन्ही अर्शक मढी होती रे. हा श्वास घेतोय. म्हातारपणी हात बसला तुझा."

कोफजादचे डोळे आनंदाने भरून आले. "माझ्या ध्यानातच नव्हतं, उस्ताद," तो कानाशी पुटपुटला. "वाचवलंत मला."

तख्मकने मान डोलावली. नाणं अजून गरम होतं. त्या अख्ख्या चेहऱ्यात त्याची स्वतःची होती ती फक्त चामखीळ.