पिशवीतलं प्रभुभोजन

“बाई, बावीस वर्षं सेविका म्हणून उपदेश करता, आजाऱ्यांना भेटता, सगळं करता. मग आता पाळक व्हायचा हट्ट कशाला?”

आत प्रेस्बिटरीचे, म्हणजे चर्चच्या पंचमंडळाचे, तेरा सभासद, सगळे पुरुष, आमच्या हिची परीक्षा घेत होते. मी बाहेर बाकावर. दार नीट लागत नव्हतं, म्हणून सगळं ऐकू येत होतं. आमच्या चर्चमध्ये आजवर एकाही बाईला पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, दीक्षा मिळालेली नाही. हिचा अर्ज दोनदा परत आला होता. मी म्हणायचो, “भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटत नाही, टेंगूळ येतं.” त्यावर ही म्हणायची, “टेंगूळ माझं आहे ना? तुम्ही जेवा.”

 आज मात्र ती नऊ वर्षांत मलाही न सांगितलेलं बोलली.

“नऊ वर्षांपूर्वी आपल्या चर्चमधल्या शिवणकाम करणाऱ्या आजी गेल्या तेव्हा मी तिथं होते. त्यांना शेवटचं प्रभुभोजन हवं होतं, येशूच्या नावानं पावाचा तुकडा नि द्राक्षरसाचा घोट. चर्चसाठी कापलेला पाव, द्राक्षरस, सगळं माझ्या पिशवीत होतं. पण द्यायचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकालाच. पाळकसाहेबांना फोन केला. ‘निघालोच, थांबा,’ म्हणाले. आजींनी हात पुढे केलेला. ‘दे ग पोरी, किती वाट बघायला लावशील?’ मी म्हणत राहिले, येतीलच ते. दीड तास. साहेब पोचले तेव्हा हात तसाच होता, आजी नव्हत्या.”

ती तशीच पुढे बोलत राहिली.

“तो हात अजून दिसतो मला. कपडे वाळत घालतानासुद्धा. आता कुणाला ‘थांबा’ म्हणायचं नाही मला. एवढंच कारण.”

 इतकी वर्षं ही घरी पाव कापताना मध्येच सुरी धरून थांबायची आणि मी चिडवायचो, “पावाला प्रार्थना शिकवतेस का?” स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सात विरुद्ध सहा मतांनी अर्ज मंजूर झाला. दीक्षेच्या दिवशी तेरा जणांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे होते. चौघे आलेच नाहीत. उरलेल्या नऊ हातांखाली ती गुडघे टेकून बसली होती आणि मी बिनदिक्कत रडत होतो.

पुढच्या रविवारी तिनं पहिल्यांदा प्रभुभोजन दिलं. त्या आजींच्या मुलीला तिनं स्वतः घरी जाऊन बोलावलं होतं. ती मुलगी शेवटच्या बाकावर बसली होती. पावाची थाळी बाकाबाकावरून फिरत तिच्याकडे आली. तिनं तुकडा घेतला नाही, थाळी शेजारणीला दिली.

उपासना संपल्यावर ती मुलगी दारात थांबली.

“पाळकबाई, एक विचारू?”

“विचार ना.”

“त्या दिवशी नियम मोडून तुम्ही आईला दिलं असतंत, तर ह्या लोकांनी तुम्हाला पाळक केलं असतं?”

आमच्या हिला खोटं बोलता येत नाही. संसारात मला त्याचा भारी ताप झालाय.

“नाही,” ती म्हणाली.

मुलगी रागावली नाही. तिनं नुसती मान हलवली, पर्स खांद्याला लावली आणि रस्ता ओलांडून गेली.

ही तिथंच पायरीवर बसली, नव्या काळ्या झग्यातच. लोक बाजूनं वाट काढत उतरत होते, वाकून “अभिनंदन, पाळकबाई” म्हणत होते. ती प्रत्येकाला “आभारी आहे” म्हणत होती.