पाठ टेकायला जागा

सिग्नलला गाडी उभी होती आणि मागून टेम्पो येऊन आदळला. गाडी चालवणाऱ्या सुताराला साधं खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या मानेला मात्र असा हिसका बसला की तेव्हापासून तिला धड बसणंच जमेना.

ती रफूचं काम करायची. उंदराने कुरतडलेला कोट तिच्या हातून असा निघायचा की भोक कुठे होतं ते गिऱ्हाईकालाही सापडत नसे. पण त्या कामाला मान खाली लागते. आता मान वाकवली की कानामागून खांद्यात कळ जाई, बोटं बधिर होत. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, कोपरांखाली उशा, सगळं करून पाहिलं. घटकाभर बरं वाटे, तेवढंच.

मग सुताराने खुर्ची करायला घेतली. "जगाच्या बुडाची सोय केली, घरच्या माणसाची नाही होणार?" असं म्हणून तो हसायचा, पण तिच्या नजरेला नजर देत नसे. एक खुर्ची उंच पाठीची झाली, एक मागे कललेली. तिसरीला त्याने तिरकी फळी जोडली, कापड थेट डोळ्यांसमोर यावं म्हणून.

तिसरीत ती बसली. सुई ओवली, चार टाके घातले.

"जमतंय की हो!"

तो लगबगीने चहा टाकायला गेला. कप घेऊन आला तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून उभी होती. सुई बोटांतून कधी निसटली, तिला कळलंही नव्हतं.

"पाठ जरा वर घेतो," तो म्हणाला. "उद्याच घेतो."

"अहो, पुरे आता. खुर्चीत काही खोट नाहीये."

तो कप धरून तसाच उभा राहिला. "मी ब्रेक दाबून गप उभा होतो गं."

"माहितीये मला. शेजारीच होते ना मी."

उरलेले कपडे तिने दुसऱ्या रफूवालीकडे पाठवून दिले. सुयांचा डबाही दिला.

आता ती ओट्याशी उभ्यानेच जेवते. तोही ताट घेऊन शेजारी उभा राहतो.

"तुम्ही तरी बसा," ती रोज म्हणते.

तो बसत नाही. आणि त्याच्या उभं राहण्याने तिचं दुखणं तसूभरही कमी होत नाही.