टीपबाईंचे गुडघे

गल्लीत त्यांना सगळे टीपबाई म्हणत, कारण कापड फाटलं तरी त्यांनी मारलेली टीप उसवत नसे. तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या या बाईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तरी सूनबाई रोज संध्याकाळी त्यांना तेल चोळून देई आणि टीपबाई मुकाट्याने चोळून घेत. एकदा थाप मारली की ती निभवावीच लागते.

थाप मुळात लेकीला मारलेली. लेक बसने पाच तासांवर राहायची. नात दोन वर्षांची झाली, पण आजीच्या मांडीवर ती एकदाच आली होती. ऑफिसातून सुट्टी मिळत नाही, असं लेक म्हणायची. दर रविवारी ती फोनवर विचारायची, "आई, तूच ये ना. कधी येतेस?" आणि टीपबाईंचे गुडघे लगेच दुखायला लागायचे. खरं दुखणं वेगळंच होतं. शिंक आली, खोकला आला, हसू आवरलं नाही, की लघवी सुटायची. पाच तासांच्या बसमध्ये तर शोभाच व्हायची. उरलेल्या सुती तुकड्यांच्या जाड घड्या त्या स्वतःच शिवत, धुऊन टॉवेलाखाली वाळवत आणि दिवसभर घोट-घोटच पाणी पीत. मागच्या रविवारी लेक म्हणाली, "राहू दे आई. आता नाही विचारणार." ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं.

सूनबाईचं मात्र सगळं उघड्यावर. बाळंत होऊन तीन महिने झाले नाहीत तोच जेवताना, नवऱ्यासमोर म्हणाली, "शिंकले की थोडी लघवी होते. दवाखान्यात दाखवून येते." टीपबाईंनी घाईघाईने भाजीचं भांडं पुढे सरकवलं. जनाची नाही तर मनाची तरी! पण बाळ सांभाळायला सोबत जावंच लागलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी होती. तिने दोन्ही तळव्यांची झोळी करून दाखवली. "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची अशी झोळी असते. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखतोय असं समजून ती आत, वर उचलायची. पोट, मांड्या सैल. आकडे मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास अडकत नाही. मग तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही व्यायामच आहे. फरक पडायला तीन-एक महिने लागतात हं." मग बाळाला थोपटणाऱ्या टीपबाईंकडे वळून म्हणाली, "आजी, घरी तुम्ही मोजाल ना?"

मोजायला काय जातंय? दिवसातून तीनदा सूनबाई खुर्चीवर बसे आणि टीपबाई मशीनमागून मोजत. तिसऱ्या दिवशी मोजता मोजता बाईंनीही हळूच धरून पाहिलं. "एक, दोन, तीन, चा..." आवाज तिथेच गप्पकन बंद.

सूनबाईने डोळे उघडले. "आई, श्वास सोडा."

"मला काय झालंय? घसा बसलाय."

"घसा बसला तर भुवया कशाला चढतील? पहिल्या दिवशी माझ्याही अशाच चढल्या होत्या." तिची नजर बाईंच्या गुडघ्यांवर गेली. "म्हणजे... गुडघे?"

टीपबाई सुईत दोरा ओवू लागल्या. दोरा आधीच ओवलेला होता.

"दोन वर्षं तेल चोळतेय मी!" म्हणत सूनबाई अशी खो-खो हसली की बाईंनाही हसू फुटलं, आणि व्हायचं तेच झालं. हसता हसता त्या रडायलाच लागल्या. सूनबाईने आतून स्वतःचं एक पॅड आणून त्यांच्या हातात ठेवलं. "उद्या तुम्हीही दाखवून घ्या. आणि ताईंना खरं सांगा."

पहिलं बाईंनी दुसऱ्याच दिवशी ऐकलं. दुसऱ्याला हिंमत यायला अडीच महिने लागले. लेक दर रविवारी फोन करायची, हवापाण्याचं बोलायची, पण "कधी येतेस" विचारायची नाही. शेवटी एका रविवारी बाईंनी स्वतःच फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडून लेकीचा बारीक आवाज आला. "आई, मला पण होतं गं. पिल्लू झाल्यापासून. ऑफिसात सुट्ट्या पडून आहेत माझ्या."

बाईंना उमगलं. आपण जन्मभर झाकत राहिलो आणि पोरगी नेमकं तेवढंच शिकली.

"उद्या आधी डॉक्टरांना दाखव," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मी येतेय. मधल्या थांब्यावर उतरावं लागलं तर उतरेन, पण येणार. आणि आता खुर्चीवर बैस. पाय जमिनीला टेकव. कसं करायचं ते सांगते, मी मोजते."

सूनबाई बाळाला घेऊन दारात उभी होती. ती सासूच्या भुवयांकडे पाहत राहिली. चार झाले, पाच झाले. भुवया जागच्या हलल्या नाहीत आणि आवाज थेट दहापर्यंत गेला.

"आता सोड," टीपबाई फोनमध्ये म्हणाल्या. "सगळं सोड, बाळा. घाई नको."

लेक रडत होती. टीपबाईंनी सोडण्याचेही आकडे एकपासून मोजायला घेतले.