मध्यंतराचा हार

निजामपुऱ्यातल्या त्या दवाखान्याचे जिने सहाव्यांदा चढताना निरुपमाबाईंचा पारा पायरीगणिक चढत होता. पाच खेपा झाल्या आणि भीती आपली होती तिथेच. तीस वर्षं कीर्तन केलेली बाई. पण गेल्या रामनवमीला रावपुऱ्यातल्या देवळात पूर्वरंग संपला, मध्यंतराचा हार गळ्यात पडला, बुक्का लागला, आणि रामजन्माचं आख्यान लावायच्या ऐन वेळी घसा असा मिटला की त्या हारासकट घरी निघून आल्या. तेव्हापासून कीर्तनाला उभ्या राहिल्या नव्हत्या. उद्या पुन्हा रामनवमी. उभं राहायचं की कीर्तन कायमचं सोडायचं, ते आज ठरवायचं होतं.

तिथली समुपदेशक दीप्ती त्यांच्या लेकीच्या वयाची. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भीतीला हाकलण्यात जन्म घालवू नका. तिला बसायला जागा द्या आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करत राहा. बाईंना हे मनापासून पटलं. पटलं म्हणून त्यांनी ते आपल्या रीतीनं केलं. निरांजन लावलं, संकल्प सोडला, आणि ‘भीती, ये, बैस’ असा एकशे आठ वेळा जप, रोज, एकवीस दिवस. एक दिवस चुकवला नाही. एवढं करूनही काही गुण नाही, असं त्यांनी आज तणतणत सांगितलं.

दीप्तीला हसू आवरेना. “संकल्पात मागितलंत काय, मावशी?”

“काय म्हणजे? भीती जावी म्हणून.”

“म्हणजे तिला बस म्हणालात आणि आपण दाराकडे बघत राहिलात, उठते कधी म्हणून.”

बाई आणखीच चिडल्या. देवापाशी मागायचं नाही तर कुणापाशी, असं त्यांनी फाडकन विचारलं. दीप्तीनं वाद घातला नाही. भीती सोबत असली तरी कीर्तन करावंसं का वाटतं, एवढंच विचारलं.

“लेकरू जन्मायच्या वेळी सुईण पळून जावी, तशी पळाले गं मी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच देवळात उभ्या राहिल्या. पावणेबाराला हार पडला आणि घसा ठरल्यासारखा मिटला. मेली आलीच, बाई मनात म्हणाल्या. पेटीवरचे दत्ताजीराव वाकून हळूच म्हणाले, “ताई, चपला आज लपवून ठेवल्यात तुमच्या.”

भरल्या देवळात त्यांना रागावताही येईना. घसा मोकळा व्हायची वाट बघावी, तर बारा काही थांबणार नव्हते. त्यांनी तशाच चिरक्या आवाजात आख्यान लावलं. सूर दोनदा घसरला, एक ओवी पार विसरली, पुढची घेतली. बाराला गुलाल उधळला. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात वेडीवाकडी हलत होती, आणि राम आपला हलत्या पाळण्यात निजला होता.

भीती अजून गळ्याशीच होती. बाईंना तिचा वैताग आला होता, आणि दत्ताजीरावांचाही. ते हसत चपला घेऊन आले, तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू द्या होत्या तिथंच. आरती व्हायचीय.”